एका ओळीसाठी

दशरथराव रोज सकाळी अभ्यासिकेचं कुलूप काढायचे, झाडून घ्यायचे, पंखे लावायचे आणि मग खुर्चीत बसून मोबाईलवर त्याच अभ्यासिकेची वेबसाइट उघडायचे. कोणती जागा भरलेली, कोणती रिकामी, हे त्यावर दिसायचं. आता त्यासाठी वेबसाइट कशाला हवी? मान वर केली की सगळ्या खुर्च्या समोरच. पण ते मान वर करायचे नाहीत. आधी मोबाईलवर बघायचे, चष्मा पुसायचे आणि परत मोबाईलवरच बघायचे.

त्यांच्या मुलीनं, दीक्षानं, ऑफिसला जाता जाता हे एकदा पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की पप्पा खुर्च्या मोजत नाहीत. ती वेबसाइट समाधानदादानं केली होती.

समाधान तिचा मोठा भाऊ. राहायला वारज्याला. विश्रांतवाडीच्या घरापासून वारजे म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. एक बस बदलायची, ट्रॅफिकला शिव्या घालायच्या, की दीड तासात माणूस दारात. तरी तीन वर्षांत तो घरी आला नव्हता आणि घरचं कुणी तिकडे गेलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्यानं ऑफिसातल्या सबाशी रजिस्टर लग्न केलं. सबा खडकीची. दशरथरावांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली, त्यामुळे तिची गल्लीसुद्धा त्यांना ठाऊक. ती घरी आली होती, जेवली होती, जाताना समाधानच्या आईकडून, कांताबाईंकडून, चटणीचा डबा भरून घेऊन गेली होती. म्हणजे परकी म्हणावी अशी नव्हतीच. पण लग्नाआधी समाधान घरात एक शब्द बोलला नाही. झाल्यावर संध्याकाळी फोन केला. दशरथराव एवढंच म्हणाले, "झालं ना? मग आता कशाला सांगतोस?" आणि फोन ठेवला.

तेव्हापासून बाप आणि लेक एकमेकांच्या फोनची वाट बघत बसले होते आणि वाट बघतोय हे दोघंही मरेपर्यंत कबूल करणार नव्हते. सबाच्या आईनं महिन्याभरात दार उघडलं. इथे मात्र दार कुणी लावलेलंही नव्हतं आणि उघडतही नव्हतं.

या सगळ्यात दीक्षाला कुणी विचारलंच नाही. तिला दादा हवा होता, बास. तिच्या उशीखालचा मोबाईल काढून लपवणारा, तिच्या ताटातला पापड उचलून वर 'तुला नको होता ना?' म्हणणारा, रविवारी दुपारी शेजारी बसवून 'हे बघ, ब्राउझर इथून वाचायला सुरुवात करतो' असं सांगणारा दादा. त्याच्यामुळेच ती या धंद्यात पडली. हल्ली वाढदिवसाला ती मेसेज करायची, तो उलट एक लाल बदाम पाठवायचा. बदामाशी माणूस काय बोलणार? रस्त्यात कुणी पाठमोरा त्याच्यासारखा दिसला तरी ती चार पावलं त्याच्या मागे जायची. आईला ती हे सांगायची नाही, कारण आईला सांगितलं तर आईचंही ऐकावं लागलं असतं.

अशात अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर मुलींसाठी नवा हॉल तयार झाला. येत्या रविवारी उद्घाटन. अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेचे सेक्रेटरी उत्तरेश्वर सकाळीच आले.

"जयभीम, दशरथराव. त्या वेबसाइटवर वरच्या खुर्च्या चढत नाहीत म्हणे. जुनी झाली ती. आता रेडीमेड अ‍ॅप मिळतं, तेच लावून टाकू."

"जयभीम. उत्तरेश्वर, तुम्हीही जुने झालात. आम्ही रेडीमेड सेक्रेटरी आणला का?"

उत्तरेश्वर हसले, पण माणूस चिवट. "रविवारपर्यंत जमवा. नाही जमलं तर सोमवारी मी अ‍ॅप लावतो. मुलींची गैरसोय नको."

मुलींची गैरसोय म्हटल्यावर दशरथरावांनी मान डोलावली. संध्याकाळी त्यांनी दीक्षाला हाक मारली.

"तू दिवसभर कंपनीत हेच करतेस ना?"

"काय?"

"हेच. वेबसाइटा. आपली ती बघ जरा. बदलायची नाही. आहे तीच ठेवायची, फक्त वरच्या खुर्च्या घालायच्या. आणि माझ्या सूचना त्यात दिसू देत. भिंतीवरच्या कुणी वाचत नाही."

'समाधानची' हा शब्द त्यांनी शिताफीनं गाळला. पण 'आहे तीच ठेवायची' हे ठासून म्हणाले. ती वेबसाइट गेली तर दादाचं म्हणून घरात उरलेलं शेवटचं काही जाईल, हे दीक्षाला कळत होतं. पप्पांनाही कळत होतं. ती लगेच बसली.

खुर्च्या घालायला वेळ लागला नाही. पण वेबसाइट बांधायला घेतली तर पडद्यावर लाल ओळींचा नुसता पाऊस. तिनं फाइली उघडून पाहिल्या आणि कपाळावर हात मारला.

"दादा, इजेक्ट केलंस?"

हे प्रकरण असं असतं. वेबसाइट नुसती लिहून भागत नाही. लिहिलेलं सगळं गोळा करून, नीट बांधून, ब्राउझरच्या पचनी पडेल असं करून द्यावं लागतं. हे बांधण्याचं काम करणारा सेटअप तयार मिळतो. असंख्य बारीकसारीक गोष्टी त्यात आधीच कुणी जाणत्यांनी ठरवून दिलेल्या असतात. त्या आपल्याला दिसत नाहीत, दिसायची गरजही नसते. नवी आवृत्ती आली की एक आकडा बदलायचा, सगळं आपोआप सुधारतं. काही वेगळं हवं असेल तर शेजारी एक छोटी फाइल ठेवायची. तिचं म्हणणं एवढंच असतं, की तुझं सगळं मला मान्य आहे, फक्त हे एक माझ्या मनासारखं कर. सेटअप बिचारा ऐकतो.

दुसरा रस्ता इजेक्टचा. एक कमांड दिली की आतलं लपलेलं सगळं बाहेर येऊन तुमच्या पुढ्यात पडतं. तुम्ही मालक, पाहिजे ते बदला. मात्र त्या क्षणापासून सेटअप तुमचा कुणी लागत नाही. पुढे त्याच्यात काहीही सुधारणा होवो, तुमच्यापर्यंत पोचत नाही. कमांड चालवण्याआधी तो एकदा विचारतो, खात्री आहे ना, परत येता येणार नाही. पोरं भराभर 'हो' दाबतात. आपण फार मोठं काहीतरी करतोय असं त्या वयात वाटतं. दीक्षानंही पहिल्या नोकरीत दाबलं होतं आणि मग सीनियरची बोलणी खाल्ली होती.

समाधाननं इजेक्ट केल्यापासून ती वेबसाइट जिथल्या तिथे थांबली होती. जग पुढे गेलं, तिच्यातली एकेक गोष्ट जुनी होत गेली आणि आता नव्या मशीनवर ती उभीच राहायला तयार नव्हती.

करण्यासारखं एकच होतं. तिला परत तयार सेटअपवर आणायचं. पण त्यासाठी दादानं त्या ढिगाऱ्यात नेमकं काय काय बदललं ते कळायला हवं होतं, नाहीतर त्याचं केलेलंच पुसलं जाणार. दीक्षानं त्याच काळातला कोरा सेटअप मिळवला, तोही इजेक्ट केला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून तपासायला लागली. पुढचे तीन-चार दिवस ऑफिसातून आली की हेच. फाइल उघडायची, बघायची. सारखीच. पुढची. सारखीच. दादाचा हात कुठे लागलाय ते ती शोधत होती. खरं सांगायचं तर तिला त्यात मजा यायला लागली होती. इतक्या जवळ तो बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

शेवटी बदल सापडला. एकच, आणि तोही अगदी साधा.

तयार सेटअप असं धरून चालतो की वेबसाइटला स्वतःचा स्वतंत्र पत्ता असणार. अभ्यासिकेला कुठला स्वतंत्र पत्ता? संस्थेनं आपल्या मोठ्या वेबसाइटच्या आत तिला एक कोपरा दिला होता. त्यामुळे पहिल्यांदा चढवल्यावर पान कोरं दिसलं असणार. चित्रं, रंग, बटणं, सगळं ब्राउझर मोठ्या वेबसाइटच्या दारात जाऊन शोधणार आणि तिथे ते नसणार. म्हणून समाधाननं सगळा सेटअप फोडला आणि आत जाऊन तो पत्ता बदलला. एवढंच.

आणि त्यासाठी सेटअपमध्ये सोय होती. आधीपासून. प्रकल्पाच्या मुख्य फाइलमध्ये एक ओळ लिहायची, की मी या घरात नाही, त्या कोपऱ्यात राहतो. सेटअप मुकाट तसं बांधून देतो. वेगळं राहणाऱ्यांची व्यवस्था त्यानं केव्हाच करून ठेवली होती. माहितीच्या पानावर ते लिहिलेलं होतं. कुणी वाचलं असतं तर.

दीक्षा आधी हसली. मोठ्यानं हसली. मग तिला इतकं रडू आलं की तिला तिचंच नवल वाटलं. वेडा रे, ती पुटपुटली, एका ओळीसाठी सगळं मोडून बाहेर पडलास.

त्यानंतरचं काम भराभर झालं. नवा तयार सेटअप घेतला, दादानं लिहिलेली सगळी पानं जशीच्या तशी त्यात ठेवली, ती ओळ लिहिली. वेबसाइट उभी राहिली. तोच निळा रंग, त्याच चौकोनी खुर्च्या. पप्पांच्या सूचना तेवढ्या राहिल्या होत्या. ते साध्या फाइलमध्ये टाइप करून देणार आणि साधा मजकूर थेट पानात घेणं सेटअपला येत नव्हतं. मग तिनं शेजारी छोटी फाइल ठेवली. सेटअपनं दिलेलं सगळं घ्यायचं, त्यात मजकूर वाचायचा एक नियम घालायचा आणि बाकी होतं तसं परत करायचं. पप्पांची पहिली सूचना पानावर आली, "झोप आल्यास घरी जावे. खुर्चीला झोपेची सवय लावू नये." दीक्षाला फार बरं वाटलं.

रात्री जेवताना तिला राहवलं नाही.

"पप्पा, झाली वेबसाइट. पण दादानं काय केलं होतं माहितीये? एका ओळीचं काम, त्यासाठी सगळा सेटअप तोडला."

तीन वर्षांत जेवताना 'दादा' हा शब्द पहिल्यांदा आला. कांताबाईंनी मुलीकडे पाहिलं. दशरथराव भाकरी मोडत राहिले.

"का तोडला?"

"त्याला वाटलं, सेटअप ते देणार नाही. देत होता. विचारलंच नाही यानं."

दशरथरावांचा हात थांबला. "सवयच आहे त्याची," ते म्हणाले. मग ताटाकडे बघतच बोलायला लागले. "मी काय नाही म्हणणार होतो? ती पोरगी घरात येत होती, जेवत होती, मी कधी वाकडं बोललो? पण यानं आधीच ठरवून टाकलं, बाप नाही म्हणणार. माझं उत्तर यानंच दिलं आणि त्याच्यावर हाच रुसून गेला."

"तुम्ही तरी कधी हो म्हणालात?" कांताबाई म्हणाल्या.

"विचारल्यावर हो म्हणतात! न विचारता काय, रस्त्यावर उभा राहून ओरडू, हो आहे, हो आहे म्हणून?"

त्यांचा आवाज फुटला. दीक्षानं पप्पांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटायचं, पप्पांना सून मान्य नाही. घरात सगळ्यांना तसंच वाटायचं. आणि हा माणूस तीन वर्षं 'हो' गिळून बसला होता.

"मी सांगू त्याला?" ती घाईघाईनं म्हणाली. "आत्ता फोन करते."

"खबरदार. त्याला तोंड आहे. मला मध्यस्थ नकोत."

आणि ते हात धुवायला उठले. ताटात भाकरी तशीच होती.

वेबसाइट तयार झाली तरी संस्थेच्या त्या कोपऱ्यात ती चढवायची तर पासवर्ड हवा होता आणि तो समाधानकडेच होता. पासवर्ड मेसेज करून मागता आला असता. दीक्षा शनिवारी लॅपटॉप पाठीला लावून बसमध्ये बसली.

दार सबानं उघडलं. क्षणभर ती नुसती बघतच राहिली आणि मग तिनं दीक्षाला असं धरलं की लॅपटॉपची पिशवी दोघींच्या मध्ये अडकली. "सांगायचं तरी, आले असते मी बस स्टॉपवर! समाधान, कोण आलंय बघ!"

समाधान बाहेर आला. जाड झाला होता. कानाजवळ पांढरं दिसत होतं. त्यानं बहिणीच्या डोक्यावर टप्पल मारायला हात उचलला आणि मध्येच खाली घेतला. हक्क आहे की नाही असा प्रश्न पडल्यासारखा. दीक्षाला ते सगळ्यात जास्त लागलं.

"पासवर्ड पाहिजे," ती म्हणाली. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

चहा झाला. दोघं जुन्यासारखी शेजारी शेजारी बसली, लॅपटॉप मध्ये. तिनं सगळं दाखवलं, शेवटी ती ओळ दाखवली. समाधान पुढे वाकून वाचत राहिला.

"हे तेव्हाही होतं?"

"तेव्हाही होतं."

"मला वाटलं, ते देतच नाहीत."

"तुला वाटलं."

तो तिच्याकडे बघायला लागला. दीक्षा मुद्दाम पडद्याकडे बघत राहिली. त्यानं मुकाट पासवर्ड टाकला. वेबसाइट चढली. वरच्या हॉलच्या खुर्च्या आल्या, खाली दुसरी सूचना आली, "मुलींच्या हॉलमध्ये मुलांनी येऊ नये. 'फक्त पेन द्यायला आलो' हे कारण येथे पूर्वी ऐकलेले आहे."

समाधान खो खो हसला. "पप्पा!" मग हसू ओसरलं तसा हळूच म्हणाला, "कसे आहेत?"

"तुझी वेबसाइट उघडून बसतात. समोर खुर्च्या असतात, तरी."

तो नखानं लॅपटॉपची कड खरवडत राहिला. "एकदा त्यांना विचारून बघ ना," शेवटी म्हणाला. "मी आलो तर चालेल का."

उत्तर दीक्षाच्या अगदी जिभेवर होतं. सांगितलं असतं तर दादा त्याच पावली उठला असता. पण ते तिचं उत्तर झालं असतं. पप्पांना परत कुणी विचारलं नसतंच.

"मी नाही विचारणार."

"का? काही बोललेत का ते? नाहीच म्हणालेत ना?"

"दादा, परत तेच?"

"हा तेव्हाही असंच," स्वयंपाकघराच्या दारातून सबा म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण त्यात बरंच काही साठलेलं होतं. "मी किती वेळा म्हणाले, आधी जाऊन विचारू. नाही म्हणाले तर समजावू, वाट बघू. हा म्हणाला, मला उत्तर माहितीये. मला त्यांच्या समोर उभं राहायचं होतं, दीक्षा. ते राहूनच गेलं."

दीक्षानं फोन काढला, पप्पांचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन भावाच्या हातात कोंबला. त्याला नको म्हणायला वेळच मिळाला नाही.

"बोल दीक्षा. पोचलीस कुठे?"

समाधाननं फोन तोंडाजवळ नेला. "पप्पा. मी आहे."

पलीकडून फक्त अभ्यासिकेच्या पंख्याचा आवाज. फोन ठेवला नाही, एवढंच त्यावरून कळत होतं. दीक्षानं दादाचा दुसरा हात धरून ठेवला. लहानपणी रस्ता ओलांडताना तो तिचा धरायचा, तसा घट्ट.

"पप्पा, विचारायचं होतं. उद्या घरी येऊ का?"

पंख्याचा आवाज येत राहिला. कुणीतरी खुर्ची सरकवली. कुणीतरी पप्पांना काही विचारलं, त्याला त्यांनी "थांब रे" म्हटलं. मग त्यांचा आवाज आला, रोजच्यासारखाच कोरडा, फक्त जरा दमलेला.

"एकटा येणार असशील तर नको येऊस."

समाधान फोनकडे बघत राहिला. दाराशी उभी असलेली सबा एक पाऊल पुढे आली आणि थांबली.

"आणि तुझं तू ठरवून टाकू नकोस," दशरथराव पुढे म्हणाले. "यायचंय का तिला, ते आधी तिला विचार."

फोन बंद झाला. समाधान उठला. डोळे पुसायचं त्याला सुचलं नाही. तो तसाच सबासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं तिला विचारलं.